गळक्या छपराची रेकॉर्ड

कोएंजी भागात एका धोब्याच्या दुकानावरच्या खोलीत बसून इसोगाई भेटेल त्याला एकच गोष्ट ऐकवायचा, "आमच्या कंपनीत मालक नाही."

कंपनी त्याचीच होती. नाव अमामोरी रेकॉर्ड्स. अमामोरी म्हणजे छपराची गळती. नाव शोधायला त्याला लांब जावं लागलं नव्हतं, नुसतं वर बघितलं तरी पुरे होतं. पूर्वी तो स्वतः रॉक बॅन्डमध्ये गिटार वाजवायचा. एका बड्या कंपनीने त्याच्या गाण्यांतून आधी शिव्या काढल्या, मग किंचाळ्या काढल्या आणि शेवटी त्यालाच काढलं. तेव्हा त्याने शपथ घेतली, की आपली कंपनी काढायची आणि कलाकाराच्या कामात नाक म्हणून खुपसायचं नाही.

अशी शपथ पाळणं सोपं असतं, पण कलाकार बरा असला तर. इसोगाईच्या वाट्याला 'हियामेशी' आले. हियामेशी म्हणजे शिळा भात. दोघांचाच बॅन्ड. रित्सु गिटार वाजवत गायची आणि कामेदा ड्रम वाजवायचा, म्हणजे स्वतः कामेदाचं तरी तसं म्हणणं होतं.

रेकॉर्डिंगच्या वेळी गाणं संपलं की रित्सु काचेपलीकडून विचारायची, "कसं झालं?"

"अप्रतिम. तुम्हाला वाटेल तसं करा," इसोगाई म्हणायचा.

घरी येऊन तो पोट धरून बसायचा. त्याची बायको नोबुए चार दिवस भाताची पेज करून कंटाळली. "मनात साठवतोस म्हणून पित्त होतं तुला," ती म्हणाली. "बोलून टाकत जा. कुणाला ऐकू गेलं नाही म्हणजे झालं."

सल्ला त्याला पटला. दुसऱ्या दिवसापासून त्याने शेजारी एक छोटा माईक ठेवला. पोरांना 'अप्रतिम' म्हणून झालं, की आपला आवाज काचेपलीकडे नेणारं बटण बंद करायचं आणि मनातलं सगळं या माईकमध्ये ओकायचं. पुढेमागे कुणी मत विचारलंच तर जवळ असावं, म्हणून ते गाण्यांच्याच टेपवर वेगळ्या पट्टीत नोंदवूनही ठेवायचं. पित्त गेलं. पेज बंद झाली.

आवाजांचं शेवटचं मिश्रण त्याने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. "परक्याचा हात लागला की जीव जातो गाण्यातला," असं म्हणून स्वतःच बसला. कारखान्यातून नमुन्याची तबकडी आली तीही एकट्याने ऐकली. मधेमधे त्याला आपलाच आवाज ऐकू आला. पण ही गाणी लागली की त्याच्या मनात नेमकं हेच यायचं, त्यामुळे मनच बोलतंय असं समजून त्याने कारखान्याला होकार कळवला.

रेकॉर्ड दुकानात गेली आणि आठवड्याने रित्सु आणि कामेदा खोलीवर आले. चपला काढून गुपचूप बसले. इसोगाईने जवाचा चहा पुढे ठेवला. रित्सुने चहाला हात लावला नाही. तिने रेकॉर्ड लावली.

सुरुवातीला गिटार आली, मग ड्रम आले आणि मग इसोगाई आला.

"हा ड्रम वाजवतोय की गच्चीवर गाद्या झोडतोय?"

इसोगाईचा हात कपासकट हवेत थांबला.

"फ्रिजवर गाणं," रेकॉर्डमधला इसोगाई पुढे म्हणाला. "चार मिनिटं फ्रिज. आत काय आहे तेसुद्धा सांगत नाही ही बाई. थोडं गोड करा रे, रेडिओवर तरी लागेल."

"गोड करा," रित्सु शांतपणे म्हणाली. "आणि म्हणे आमच्याकडे मालक नाही."

कामेदा स्वतःच्या मनगटांकडे बघत होता. इसोगाईला ते सगळ्यात जास्त लागलं.

"चुकलं माझं," तो कपाळ चटईला टेकवून म्हणाला. "सगळ्या रेकॉर्डी परत मागवतो."

"कुठून मागवणार? संपल्या."

इसोगाईने मान वर केली. अमामोरीची एखादी गोष्ट संपल्याचं त्याच्या कानांवर प्रथमच येत होतं.

"लोकांना वाटतंय, बड्या कंपन्यांची टिंगल म्हणून आम्ही मुद्दाम एक दुष्ट साहेब घातलाय," रित्सु म्हणाली. "एका मासिकात तर आलंय की हा निर्दय आवाज ज्याने काढला, तो नट थोर आहे. आता स्टेजवर हा साहेब हवा. टाय लावून यायचं."

"मी नाही येणार. शोभत नाही मला."

"कलाकाराचा शब्द शेवटचा. कोण म्हणतं असं?"

शनिवारी संध्याकाळी तळघरातल्या त्या छोट्या सभागृहात इसोगाई लग्नातला टाय लावून टेबलामागे बसला. समोर गर्दी होती. हियामेशीने वाजवायला सुरुवात केली. इसोगाईने माईक ओढला आणि त्याला शब्दच फुटेना. समोर कामेदा होता. बायकोने कुणाला ऐकू न जाता बोलायला सांगितलं होतं, आणि इथे तर तोंडावर टोचून बोलायचं होतं.

"बरं... चाललंय," तो पुटपुटला. गर्दीत कुणीतरी जांभई दिली.

तेवढ्यात कामेदाची लय सुटली. आधी जराशी आणि मग पार उतारावरच्या सायकलसारखी. इसोगाईने दात आवळले, पाय दाबून धरले, शपथ आठवली. उपयोग झाला नाही.

"अरे, पळतोस कुठे?" तो उभाच राहिला. "मागे कुत्रं लागलंय का तुझ्या? खांदे खाली घे. तिला गाऊ दे, तिचा श्वास ऐक. आणि वाजवता येतं तुला, मग घाबरतोस कशाला? मी काय वेडा आहे म्हणून घेतलं तुला कंपनीत?"

कामेदाने त्याच्याकडे पाहिलं, खांदे खाली घेतले आणि रित्सुचा श्वास ऐकला. पुढची तीन मिनिटं त्या फ्रिजच्या गाण्यावर लोक चक्क डोळे पुसत होते. इसोगाई टाय हातात धरून उभा होता आणि आपण रडतोय हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"हे आधीच का नाही सांगितलंत?" खाली उतरल्यावर कामेदाने विचारलं. "चार महिने 'अप्रतिम, अप्रतिम' ऐकून मला वाटलं, तुमचं लक्षच नाही आमच्याकडे."

इसोगाईला उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही, कारण सभागृहाच्या दारापाशी एक ठेंगणी बाई त्याची वाट बघत उभी होती. तिने कमरेत वाकून नमस्कार केला आणि लोणच्याचा डबा त्याच्या हातात ठेवला.

"मी कामेदाची आई. लहानपणापासून घसा फोडून सांगतेय त्याला, पण ढिम्म हलत नाही. तुम्ही एकदा बोललात आणि ऐकलं पोराने." तिने आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "घरी त्याची खोली आहे. इतका पसारा, की पाय ठेवता येत नाही आत. तेवढं जरा बोलाल का?"

बड्या साहेबांना कंटाळून स्वतंत्र झालेल्या इसोगाईने टाय पुन्हा गळ्याशी नीट केला.

"रविवारी चालेल?" त्याने विचारलं.