कप्तानाचा दोर कोणाच्या हाती

शंकरपटाच्या शर्यतीत ज्यानं बैलजोडी सोडली की मांगं धुरळ्याशिवाय काई दिसत नव्हतं, असा धुरकरी मी! बाप्पा, ज्याच्या इशाऱ्यावर बैल उडतात, त्याले एक कुत्रा सुधरवाले किती वेळ लागते? असं मी बायकोले, वच्छलाले, छाती काढून सांगतलं. तिनं सूप खाली ठेवलं अन् इचारलं, मांगच्या मंडईत काय झालं ते इसरले का?

इसरतो कसा? तवा आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता अन् मी आलापल्लीच्या जंगलातून सागवानाच्या बंड्या हाकत होतो. तिथल्या साहेबाची बदली झाली अन् त्याचा कप्तान नावाचा कुत्रा माया गळ्यात पडला. घरात कुत्रा गाईवानी गरीब. मांजर त्याच्या ताटलीत जेवे, तरी हूं का चूं नाई. पण दोर लावून बाहेर काढला अन् अनोळखी कुत्रा दिसला की संपलं! केस उभे, दात बाहेर, अन् मी मांगं फरफटत.

आमच्याकडं दिवाळीनंतर मंडई भरते. दंडार होते, नाटक होते, पावणे येतात, अन् सोयरिका बी तिथीच जुळतात. मांगच्या मंडईले आमच्या पोरीले, रंभीले, पाहाले पावणे आले. त्यायच्या बंडीखाली, सावलीसावलीनं, त्यायचा कुत्रा चालत आला होता, सगळ्याच गावचे येतात तसा. कप्तानानं त्याले पाह्यलं अन् धावला. पावणे धानाच्या बांधीत, बैल नाल्यात, अन् सोयरीक गेली ती गेलीच.

या वर्षी आरमोरीकडचे सोमाजीभाऊ येणार होते, पोरगा पत्रू याले घेऊन. रंभीनं त्या पोराले बाजारात पाह्यलं होतं. पसंत आहे असं ती बोलली नाई, पण त्याचं नाव निघालं की भाकर करपे. वच्छलानं मले ठणकावून सांगतलं, या वेळी सोयरीक मोडली तर घरात कुत्रा बी नाई अन् तुमी बी नाई.

मी कामाले लागलो. नईम कल्हईवाला माया दोस्त. त्याचा बी एक कुत्रा होता, कप्तानाले अनोळखी. नईमनं तळ्याच्या पाळीवर कुत्रा घेऊन उभं राहाचं, मी दूर कप्तानाले घेऊन. कप्तान गप राह्यला की त्याच्या तोंडात एक सुका झिंगा. मंग रोज थोडं जवळ सरकाचं. पह्यल्या दिवशी कप्तान असा धावला की नईम कल्हईचा भाता तिथीच सोडून पळाला. पण झिंग्याचा मोह काई साधा नसते! मंडई येवोस्तर दोघं कुत्रे एका पत्रावळीवर जेवाले लागले. घराले झिंग्याचा वास लागला, पण मी गावभर सांगून टाकलं, कप्तान सुधरला.

"बाबा, तो कुत्रा आता त्याच्या ओळखीचा झाला ना," रंभी हळूच म्हणाली.

पोरीच्या जातीले यातलं काय समजते, असं म्हणून मी तिले चुलीकडं पाठवलं.

मंडईचा दिवस आला. सोमाजीभाऊची रेंगी, दोन बैलायची हलकी गाडी, दारापुढं थांबली. भाऊ बैलायचा कासरा हातात धरूनच उतरले. पत्रू लाजून रेंगीतच बसून राह्यला. मी ऐटीत कप्तानाले दोरावर घेऊन रामराम कराले निघालो, खिशात झिंगे भरून. तेवढ्यात रेंगीखालून एक पिवळा, वासराएवढा कुत्रा बाहेर आला. कप्तानाचे केस उभे! मी मूठभर झिंगे फेकले, ते सोमाजीभाऊच्या पायावर पडले. पिवळा तिकडं धावला, कप्तान त्याच्या मांगं, अन् कप्तानाच्या मांगं मी, रेंगीच्या खाली, चाकाच्या मधात, धोतराचा सोगा आसाले गुंडाळलेला. वच्छलानं डोक्याले हात लावला.

रंभी पाय धुवाले पाण्याचा गुंड घेऊन आली होती. तिनं गुंड खाली ठेवला, वाकली, अन् माई बोटं एकेक करून उकलली. दोर सुटला. आता रक्त सांडते म्हणून मी डोळे मिटले. उघडून पाहातो तर दोघं कुत्रे एकमेकांचं शेपूट हुंगून सावलीत झिंगे खाऊन राह्यले होते!

मी धोतर सावरत बाहेर आलो. सोमाजीभाऊ माया हाताकडंच पाहून राह्यले होते.

"भाऊ, तुमी पट हाकत होते का?"

मी छाती काढली. "पंचक्रोशीत इचारा."

"तरीच. दुसरा कुत्रा बाजूले आला की तुमी दोर आवळता अन् जिभेनं टक् टक् करता. जोडी सोडाचा इशारा आहे तो. तो बिचारा धावणार नाई तं काय करणार?"

मले राग आला. म्या कधी टक् टक् केलं? त्यायनं हातातला कासरा रेंगीत टाकला, कप्तानाचा दोर पुन्हा माया हातात देला अन् पिवळ्याले जवळ आणलं. मी मनात शपथ घेतली, जीभ दाताखाली दाबली. पण हात आपोआप आवळला, अन् जीभ सुटून टक् टक् बोललीच!

कप्तान धावला ते ठीक. पण सोमाजीभाऊची जोडी बी पटाचीच होती, हे कोणाले मालूम? बैलायनं कान टवकारले अन् रेंगी सुटली, आत पत्रू! दंडारीच्या मांडवापासून भज्याच्या दुकानापर्यंत माणसं बाजूले उड्या मारून राह्यली होती. मी मनात म्हणलं, गेली सोयरीक, गेलो मी बी. वच्छला मायाकडं पाहात बी नव्हती. रंभी मात्र पदर खोचून रस्त्याच्या मधात उभी, मान लांब करून.

थोड्या वेळानं रेंगी परत आली. पत्रूनं उभ्यानं कासरा धरला होता, डोक्यावरचा फेटा गेला होता, अन् पोरगा हसून राह्यला होता. त्याले पाहून रंभी हसली, अन् ती हसली म्हणून तो अजून हसला. आता दोघायले कोणी काई इचाराचं राह्यलंच नाई. सोमाजीभाऊ खाटेवर बसले अन् म्हणाले, सोयरीक पक्की.

वच्छलानं साखर वाटली. कप्तानाले बी देली, मले नाई.

उठताना सोमाजीभाऊनं एकच अट सांगतली, लग्नाच्या वरातीत घोडा असो, बैल असो, नाई तं कुत्रा असो, कशाचाच दोर इवाईबुवाच्या, म्हणजे माया, हातात द्याचा नाई. वच्छलानं मले न इचारताच हो म्हणलं.

वरातीत मी गॅसबत्ती धरून चाललो. ती बी रंभीच्या मामानं अर्ध्या वाटेवर काढून घेतली.