समुद्रफुलांना नंबर

बायको तीन आठवड्यांसाठी बहिणीकडे गेली आणि तिसऱ्याच दिवशी हेडक्लार्कांनी ठरवलं, की तिच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत उगवलेलं ते आगंतुक तपकिरी समुद्रफूल (नावालाच फूल, खरं तर प्राणी) आपणच काढून टाकायचं. (जाताना ती एवढंच म्हणाली होती, "माशांना वेळेवर खायला घाला. बाकी कशालाही हात लावू नका." पण बाकीला हात लावल्याशिवाय त्यांना कधी चैन पडलं होतं?)

जुना टूथब्रश घेऊन त्यांनी ते दगडावरून खसाखसा खरवडलं. सतरा दिवसांत दगडावर चौदा फुलं झाली.

"काका, खरवडलंत?" अ‍ॅक्वेरियमवाला फोनवर ओरडलाच. "प्रत्येक तुकड्याचं नवं फूल होतं! आणि शेजारच्या कोरलला डंख मारून मारतात ती."

हेडक्लार्कांनी टाकीकडे पाहिलं. शेजारीच बायकोचं हिरवं कोरल होतं, फुलासारखं उघडणारं-मिटणारं जिवंत प्रवाळ. नखाएवढ्या तुकड्यापासून सहा वर्षं वाढवलेलं. आणि बायको उद्या येणार होती.

"मग करू काय?"

"सिरिंजने लिंबाचा रस टोचा. एकेकाच्या तोंडात. नेम चुकवू नका."

नेम चुकू नये म्हणून त्यांनी अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव कामाला लावला. समोर खुर्ची घेऊन बसले आणि प्रत्येक फुलाच्या नेमकं पुढे, काचेवर, नंबरची चिठ्ठी डकवली. एक ते चौदा. मग स्टुलावर चढून पाण्यात हात घातला आणि चिठ्ठ्या बघत क्रमाने टोचत सुटले. बसून लावलेल्या चिठ्ठ्या उभं राहिल्यावर भलतंच काही दाखवतात, हे त्यांना नऊ नंबरला कळलं. पहिले आठ डोस दगडाने प्यायले होते. नववा हिरव्या कोरलने. मिटून मिटून त्याचं शर्टाचं बटण झालं.

दुसऱ्या दिवशी बायको दारात उभी राहिली.

"अगं, बॅग ठेव. नाही, आधी बस. म्हणजे, पाणी पी."

"काय केलंत?"

त्यांनी सगळं सांगितलं. तिने चिठ्ठ्या उपटल्या, चौदाही फुलं शांतपणे टोचली आणि कोरलपुढे बसून राहिली. हेडक्लार्क तिच्यामागे येरझाऱ्या घालू लागले.

"मेलं का गं?"

"मिटलंय. तुमची सावली पडली की आणखी मिटतंय. आत जा बघू."

ते आत गेले. बऱ्याच वेळाने हाक आली, "उघडतंय हो!" ते धावत आले. कोरल मिटलं.

"आत!"

तिसऱ्या खेपेनंतर त्यांनी दाराआडूनच हळूच विचारलं, "आता येऊ?"

बायको काचेजवळ वाकली.

"थांबा," ती म्हणाली, "त्याला विचारते."