सगळ्या गावाला एकच फॅट

"दादा, आता वहीत खरडणं बंद! सकाळचं दूध गोळा झालं की फॅटची छापील यादी बोर्डावर," असं प्रसेनजीतनं वडिलांना छाती ठोकून सांगितलं होतं. सांगणारच. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या क्लासात तो पोरांना जावा ही प्रोग्रॅमची भाषा शिकवायचा. वडील भाऊसो म्हणजे कागलजवळच्या गावातल्या दूध संस्थेचे सचिव. दुधाचा दर ठरतो फॅटवर, आणि बावीस वर्षांत त्यांनी लिहिलेल्या फॅटवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

प्रोग्रॅममध्ये प्रत्येक सभासदाचं फॅट त्याचं त्याच्यापाशी, प्रायव्हेट ठेवलेलं. पण पहिली यादी लावायच्या आदल्या दिवशी कॉम्प्युटर अडून बसला. मेनमधून, म्हणजे प्रोग्रॅमच्या मुख्य भागातून, ह्या फॅटला हात लावू देईना. घाईला आलेल्या प्रसेनजीतनं प्रायव्हेटचं पब्लिक केलं, पुढं स्टॅटिक लावलं आणि एरर गेली. आता स्टॅटिक म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. संस्थेत एकच, सगळ्यांनी तेच बघायचं. हे तो पोरांना घसा कोरडा होईस्तोवर सांगायचा, आणि स्वतःच्या वेळी साफ विसरला.

सकाळी रांगेत शेवटी आली अंबूबाई. तिच्या म्हशीचं फॅट आठ पूर्णांक चार. शेवटचा आकडा आधीच्या सगळ्यांवर बसला आणि तोच अठ्ठेचाळीस जणांच्या नावापुढं छापून बोर्डावर लागला. कृष्णातची गाय, जिच्या दुधातून पलीकडचं दिसतं असं गाव म्हणायचं, तीसुद्धा आठ-चार! कृष्णातनं गाईला हार घातला.

अंबूबाई मात्र कासोटा खोचून आली.

"भाऊसो, माझ्या म्हशीचं फॅट गावाला कुणी वाटलं?"

लोक कॉम्प्युटरला नावं ठेवणार नव्हते, दादांना ठेवणार होते. सचिवानं मतलब साधला म्हणणार. प्रसेनजीतनं स्टॅटिक काढलं, फॅट पुन्हा ज्याचं त्याच्या कुलपात घातलं, मेनला आकडा विचारायला तेवढी एक खिडकी ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी खरी यादी लावली. कृष्णात तीन पूर्णांक चारवर आला.

मग काय, सत्तेचाळीस जण संस्थेत! काल मशीन बरोबर होतं, आज सचिवाच्या पोरानं बिघडवलं, असा एकच गलका. कृष्णात तर म्हणाला, ह्यात काहीतरी काळंबेरं हाय. बावीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी असं बोललं होतं. प्रसेनजीतला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दादांकडं बघायची त्याची छाती होईना.

भाऊसो सावकाश उठले. "आजचा आकडा खरा हाय. काल चुकलं, ते माझ्या पोराचं. मी तपासलं न्हाई, म्हणून माझंबी."

एकेक जण खाली बघू लागला. कृष्णातनंही बोर्डाकडं पाहिलं, भाऊसोंकडं पाहिलं आणि मान खाजवली.

"तुम्ही म्हणताय म्हंजे खरंच असणार," तो म्हणाला. "पर मग ह्यो कॉम्प्युटर कशाला? तुम्हीच लिवा की."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यात आधी प्रसेनजीतनं.