बटण लिफ्टला असते

खोब्रागडेताईंनी पंधरा वर्षांत एकदाही हिरवं बटण दाबलेलं नाही. आमच्या इंग्लंडमधल्या, मिल्टन कीन्सच्या ऑफिसात लोकांना आपल्या मुलांचाही इतका अभिमान नसेल, जितका त्यांना या गोष्टीचा आहे.

आम्ही कोड लिहितो तो आयडीई नावाच्या प्रोग्रॅममध्ये. त्यात वर कोपऱ्यात एक हिरवा त्रिकोण असतो. तो दाबला की आपण बनवत असलेली वेबसाइट आपल्याच लॅपटॉपवर चालू होते. जगातले सगळे सुखी प्रोग्रॅमर तो दाबतात. ताई मात्र एक काळी खिडकी उघडून बिल्ड टूलला हाताने हुकूम टाइप करतात. बिल्ड टूल म्हणजे आपला कोड, वेबसाइटचा तयार सांगाडा असलेलं फ्रेमवर्क आणि लागतील त्या लायब्रऱ्या गोळा करून, कुठल्याही मशीनवर चालेल असं गाठोडं बांधणारा प्रोग्रॅम. गाठोडं बांधायला चार मिनिटं लागतात. तेवढा वेळ ताई हाताची घडी घालून, गॅसवर दूध ठेवल्यासारख्या स्क्रीनकडे बघत बसतात. मायक्रोवेव्हचं झटपट बटणसुद्धा त्यांना चालत नाही. डबा गरम करायचा तर मिनिटं आणि सेकंद स्वतः भरणार, मागे पाच जणांची रांग का असेना.

पुण्याहून वर्क व्हिसावर आलो त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला ते बटण दाबताना पकडलं. "बटण लिफ्टला असते बाप्पा," एवढंच बोलून त्या निघून गेल्या. ताई मूळच्या नागपूरच्या. इथे तीस वर्षं काढली तरी तोंडातला बाप्पा गेला नव्हता. पुढे हे वाक्य मी रोज ऐकलं. नव्या फ्रेमवर्कचं कौतुक करावं, तर विचारायच्या, दर सहा महिन्यांनी स्वभाव बदलणाऱ्या माणसाला तू घर भाड्याने देशील का? मला तर त्या बाई नसून कुणीतरी विसरून गेलेलं जुनं कपाट वाटायच्या. जड, मधोमध, आणि हलवायची कुणाची हिंमत नाही.

मग माझी फजिती झाली. एक लायब्ररी मी आयडीईच्या सेटिंगमध्ये जोडली आणि बिल्ड टूलच्या फाइलीत लिहायची विसरलो. बटण दाबलं, माझ्या लॅपटॉपवर सगळं झकास चाललं. क्लायंटसमोर मात्र ते गाठोडं उघडलं, तर वेबसाइट सुरूच होईना. ताईंनी दहा मिनिटांत चूक शोधली आणि सगळ्यांदेखत सांगितली. माझं प्रोबेशन चालू होतं, नोकरी गेली असती तर व्हिसाही गेला असता. मॅनेजरने समज देऊन सोडलं. त्यानंतर मी ताईंशी कामापुरतंच बोलायचो, आणि त्यांच्यामागे कँटीनमध्ये त्यांची नक्कल करायचो. ती बरी जमायची.

पुढच्या आठवड्यात त्यांची गाडी एमओटीत, म्हणजे इथल्या वार्षिक सक्तीच्या तपासणीत, नापास झाली. त्यांचं घर माझ्या रस्त्यावर, म्हणून मॅनेजरने त्यांना सोडायचं काम माझ्या गळ्यात घातलं. अकरा राउंडअबाउट आम्ही एक शब्द न बोलता पार केले. दारात त्या म्हणाल्या, चहा घेऊन जा. नाही म्हणायचं धैर्य मला झालं नाही.

स्वयंपाकघरात त्यांचे यजमान बसले होते. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग. समोर भिंतीवर एक टॅब्लेट लावलेला, त्यावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं होतं: आज मंगळवार. सुलभा ऑफिसला गेली आहे. दुपारी मदतीला केअरर येईल. सुलभा साडेपाचला येईल.

सुलभा म्हणजे ताई. ते पान त्या रोज सकाळी नव्याने बांधतात. यजमानांची आठवण चार वर्षांपासून विरत चालली आहे. हे त्यांनी मला आलं किसता किसता, पाठमोऱ्याच सांगितलं.

"एकदा घाईत होते, गाठोडं बांधलंच नाही. माझ्या लॅपटॉपवर पान दिसलं, मी निघाले. यांच्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं. मला शोधत रेडवेच्या पायवाटेवरून चालत गेले, घरच्या चपलांवर. जानेवारी होता."

यजमान माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या नजरेत भीती होती. हा कोण, त्यांनी विचारलं. ताईंनी सांगितलं. मिनिटभराने त्यांनी पुन्हा विचारलं, आणि खुर्ची जरा मागे सरकवली.

तिसऱ्यांदा विचारल्यावर ताईंनी हात पुसले, टेबलावरचा लॅपटॉप ओढला, एक ओळ लिहिली, काळ्या खिडकीत हुकूम टाइप केला. आम्ही तिघंही थांबलो. भिंतीवरचं पान हललं. यजमान उठून जवळ गेले आणि बोट ठेवून मोठ्याने वाचू लागले.

"ऑफिसातला निखिल आला आहे. घाबरू नका. चांगला मुलगा आहे."

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे वळले आणि शेजारची खुर्ची माझ्यासाठी बाहेर काढली.

"बस ना, निखिल," ते म्हणाले.

ताई चहा गाळत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.