शिवेच्या धोंड्याची पूजा

मारुतीच्या पारावर पाट मांडला होता, नवरदेवाचे पाय धुवायला सूर्यभाननं धोतर सावरलं होतं, आणि नवरदेवाच्या चुलत्यानं वाजंत्री बंद पाडली. चुलता भूगोलाचा निवृत्त मास्तर.

"सीमांतपूजन आणि भर गावात? अहो, सीमा म्हणजे हद्द. तोच शब्द झिजून शीव झाली. पाहुण्याला शिवेवर सामोरं जायचं, म्हणून सीमांतपूजन! आपली गावं लागून. चला शिवेच्या धोंड्यापाशी!"

सूर्यभाननं सावरलेलं धोतर खाली सोडलं. धोंड्याच्या अलीकडं त्याचं वावर, पलीकडं व्याही रंभाजीचं. किल्लारीचा भूकंप झाला त्या साली त्यानं अंधारात पहार घालून बाभळीखालचा तो धोंडा रंभाजीच्या रानात सरकवला होता. चोर तो चोरच. लेकीचा बाप म्हणून मिरवला तरी चोर. आता मास्तर भर वऱ्हाडात चोरी उघडी पाडणार आणि सायलीची सोयरीक मोडणार!

"मास्तर, उन्हाचं कुटं जाताय? देव हाय की हितं!"

"भूगोलात देव नाही, दिशा बघतात."

"चला की वं," बायको झुंबरबाई खेकसली. "धोंडा काय चावतोय व्हय तुमाला?"

वाजंत्री पुढं, वऱ्हाड मागं. वावर आलं आणि सूर्यभानचे डोळे पांढरे झाले. धोंडा त्यानं ठेवला तिथं नव्हता. मूळच्या बाभळीखालीही नव्हता. बाभळीच्या पार अलीकडं, सूर्यभानच्याच वावरात, शेंदूर फासून ऐटीत बसला होता! कांदे निघाल्यापासून लग्नाच्या धावपळीत तो इकडं फिरकलाच नव्हता.

"आरं, ह्यो हितं कसा?" त्याच्या तोंडून निसटलं.

"का?" मास्तरांनी चष्मा पुसला. "आधी कुठं होता?"

वाजंत्री थांबली. सगळं वऱ्हाड सूर्यभानच्या तोंडाकडं बघू लागलं. रंभाजी तेवढा आभाळातल्या घारी बघत होता.

सूर्यभान घाईनं म्हणाला, "न्हाई... हितंच की. आज्यापासून हितंच हाय."

"ऐकलंत ना सगळ्यांनी? करा पूजा!"

त्यानं जावयाचे पाय धुतले. मग दोन्ही गावांच्या साक्षीनं स्वतःच्या हातानं त्या धोंड्याला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. रंभाजीनं पुढं होऊन त्याला कडकडून मिठी मारली आणि कानात म्हणाला,

"व्याही, पहार आमच्याकडं बी हाय."