नाव नको, लक्षणं सांगा

वलवणला आमच्या शेजारी राहणाऱ्या मुकुंदरावांची बेल वाजवली की आतून आवाज येतो, "नाव नको, लक्षणं सांगा."

पहिल्यांदा मी चांगलीच वैतागले. शाळेत शिकवणारी बाई मी, हातात मोदकांचा डबा, आणि लक्षणं कसली सांगू? "ताप नाही, खोकला नाही," मी म्हणाले. तेव्हा कुठं दार उघडलं.

हे गृहस्थ घरी बसून कॉम्प्युटरवरच्या माहितीला कुलपं घालायचं काम करतात. ती कुलपं नाव विचारत नाहीत, गुण बघतात. 'डॉक्टर आणि लोणावळ्यातला' अशी अट घातली, की हे दोन्ही गुण ज्याच्या किल्लीत असतील त्यालाच कागद वाचता येतो. बाकीच्यांना नुसती गिचमिड दिसते. शिवाय आपल्या किल्लीतून दुसऱ्याला धाकटी किल्ली काढून देता येते. "मात्र आपल्याकडे नाही ते देता येत नाही," हे त्यांचं पालुपद.

एकदा त्यांनी घराच्या दारालाही असलंच कुलूप बसवलं. औंढ्याहून स्वयंपाकाला येणाऱ्या सखूमावशींच्या किल्लीत 'स्वयंपाक' आणि 'सकाळ' हे गुण घातले आणि स्वतः पुण्याला गेले. मावशींची एसटी चुकली, बारा वाजून गेले, दार काही उघडेना. "भाकरीला घड्याळ कळतंय व्हय?" म्हणत मावशी माझ्याकडं चहा पिऊन परत गेल्या. मुकुंदरावांनी आल्यावर बिस्किटांवर भागवलं, पण अट बदलली नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. ते आत असताना जुने रिपोर्ट लागले, तर उघडणारं कुणीतरी बाहेर हवं होतं. त्या फायलींना अट होती 'घरचं माणूस'. घातली तेव्हा आई होत्या. आता आई नाहीत, आणि लग्न त्यांनी केलंच नाही.

"अट बदला की. 'शेजारी' लिहा," मी म्हटलं.

"बघतो," म्हणाले, आणि संध्याकाळी माझ्या फोनमध्ये किल्ली घालून दिली. मला कसला धीर! लगेच उघडून पाहिलं. आत एकच गुण होता: 'घरचं माणूस'.

"मुकुंदराव, काही चुकलं का हो?"

"नाही बाई. आपल्याकडे नाही ते देता येत नाही. हे होतं." मग चष्मा पुसत म्हणाले, "एकट्याकडे नुसतं पडून होतं."

मी तशीच घरी आले आणि उगाच भांडी घासत बसले.

ऑपरेशनच्या दिवशी रिपोर्ट लागलेच, आणि पहिल्या झटक्यात उघडले. नर्सनं फॉर्म पुढं ओढला. "पेशंटच्या कोण तुम्ही? नाव सांगा."

"नाव मागाहून," मी म्हटलं. "आधी 'घरची' लिहा."