रकबा दिसला पायजे

उत्तमनानांच्या घरी जायचं असेल तर घाणेरीची झुडपं दोन्ही हातांनी बाजूला सारत, वाकून आत शिरावं लागतं. फाटकाच्या बिजागरीत बाभळीचं रोप उगवलंय, त्यामुळं पोस्टमन त्यांची पत्रं आमच्याकडंच टाकून जातो. आणि शेजारचा रिकामा प्लॉट, जो त्यांचा नाही, तो मात्र न्हाव्याकडून नुकत्याच आलेल्या डोक्यासारखा साफ. का, तर हा माणूस स्वतःचं अंगण सोडून दुसऱ्याचं गवत कापतो. तेही ट्रॅक्टरवर बसून.

ट्रॅक्टर म्हणजे शेतातला नव्हे. हिरवळीवर फिरवतात तसला, बुटका, पोटाखाली पातं असलेला. एका बंद पडलेल्या हॉटेलाचं सामान विकायला निघालं, त्यात नानांना तो दिसला आणि ते तिथंच विरघळले. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला हा सहा फुटी माणूस त्यावर बसला की गुडघे कानाशी येतात. पोळ्याला त्याला धुतात, स्टेअरिंगला गोंडे बांधतात, पुढं पुरणपोळी ठेवतात आणि "ह्यो काय खातोय" म्हणत स्वतःच खाऊन टाकतात.

कामाची रीत मात्र कडक. आधी अनवाणी सगळा प्लॉट चालायचा, पायाला कुठं दगड, तार लागते का ते बघायचं. मग रोपटी अंगठ्यानं जोखायची. सुबाभूळ अंगठ्याहून बारीक असली तर पातं जरा वर घेऊन हळूच तिच्यावर जायचं, जाड असली तर उतरून कुऱ्हाड. "बाई, रकबा दिसला पायजे," असं मला समजावायचे. रकबा म्हणजे जमिनीचा विस्तार. आजोबांच्या निजामी कागदांतला हा शब्द नानांच्या तोंडात कायमचा राहून गेला. चहा संपला की कपात डोकावून "रकबा दिसला." एकदा आमच्या ह्यांचं टक्कल बघून तेच म्हणाले, तेव्हा हे चार दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

दसरा झाला की मी सकाळी गच्चीवर जाऊन बसायची. मुकुंदवाडी स्टेशनाच्या बाजूनं धुकट ऊन यायचं, खाली ट्रॅक्टरची एका सुरातली घरघर चालू असायची. रुईची बोंडं पात्याखाली फुटायची आणि त्यातल्या म्हाताऱ्या हवेत चढायच्या. त्या पांढऱ्या पिसांतून नाना डोळे अर्धे मिटून फेऱ्या घालत असायचे, आणि ते जागे आहेत की झोपेत, मला सांगता आलं नसतं. मलाही गुंगी यायची. किती वेळा गॅसवरचं दूध उतू गेलंय! कापलेल्या गवताचा वास दुपारपर्यंत घरात रेंगाळायचा आणि शाळेतून रिटायर झाल्यापासून मोकळी पडलेली माझी दुपार त्यात कशी सरायची ते कळायचं नाही.

एकदा मी विचारलंच, नाना, स्वतःच्या अंगणाचं काय? म्हणाले, "तिथं कोण येतंय?" बायको जाऊन त्यांना चार वर्षं झाली होती.

पण कॉलनी ती कॉलनी. दुसऱ्याची जमीन फुकट कोण साफ करतं? म्हातारा कब्जा करणार, असं ठरलं. खोटं कशाला बोलू, ठरवणाऱ्यांत मीच पुढं होते. मालक कोण म्हणून विचारलं की नाना "बाहेरगावी असतो" एवढंच सांगायचे, त्यामुळं संशय वाढला. शेवटी ह्यांनी कुठून तरी मालकाचा नंबर काढला आणि फोन केला, की शेजारी तुमची जागा गिळायच्या बेतात आहे.

तिसऱ्या दिवशी मालक आले, हातात मोजायचा टेप घेऊन. तीच उंची, तेच नाक. मी बघतच राहिले. नानांचे सख्खे धाकटे भाऊ, दामूअण्णा, देवगाव रंगारीहून आलेले. दोघांनी एकेकाळी हौसेनं शेजारी शेजारी प्लॉट घेतले होते, पुढं तोंडं फिरली. का, ते अण्णांनीच आमच्यादेखत सांगितलं. गावाकडं दोघांच्या शेतांमधला बांध नानांनी दरसाल नांगराच्या एकेका तासानं, म्हणजे एकेका रेघेनं, कोरला आणि भावाच्या रानात सरकत गेले. गावाकडं खाल्लं, आता इथंबी खातोस का, असं ते म्हणाले. नाना ट्रॅक्टर बंद करून खाली उतरले.

टेपचं एक टोक ह्यांनी धरलं, दुसरं अण्णांनी. कागदावर प्लॉटची रुंदी तीस फूट. टेप नानांच्या कुंपणाला भिडला तेव्हा आकडा बत्तीसच्या पुढं होता. पुन्हा मोजलं, तेवढाच. कुंपण नानांच्याच जागेत आत सरकलेलं होतं.

"दादा, तुझं कुंपण चुकलंय."

"चुकलं नाय," नाना म्हणाले. "गावाकडं जेवढं कोरलं, तेवढं इथं सोडलंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्या माणसाला मी काय काय म्हणून बसले होते!

अण्णा टेप गुंडाळायला लागले, पण तो त्यांना नीट गुंडाळता येईना. खाली बघतच म्हणाले, "वैनी असताना सांगायचं व्हतंस. तिच्या मयतीला मी ह्या कोपऱ्यापर्यंत आलो आन् माघारी फिरलो."

नाना तिथंच खाली बसले. मग म्हणाले, "ती लई सांगायची, दामूचं दामूला द्या. तवा ऐकलं नाय. आता रोज ऐकतो."

ह्यांनी मला डोळ्यानं खुणावलं, चला. दोघं भाऊ कापलेल्या गवतावर बसले होते, मधे हातभर जागा सोडून. चहा ठेवायला म्हणून मी वळले, तेवढ्यात मागून दामूअण्णांचा आवाज आला.

"सरक की इकडं."